सुरतेचे जेवण, डांगचा पाऊस

काशीचे मरण आणि सुरतेचे जेवण ज्याच्या वाट्याला आले तो भाग्यवान, अशी गुजरातीत एक जुनी म्हण आहे. काशीविषयी आम्हांस अनुभव नाही. सुरतेच्या जेवणाविषयी मात्र या म्हणीत अतिशयोक्ती नाही, एवढी ग्वाही आम्ही देऊ शकतो. अलीकडे या म्हणीला एक तिसरे भाग्य जोडले गेले आहे. ते म्हणजे डांगचा पाऊस. श्रावणात सुरतेस उतरावे, दोन दिवस तेथील खाद्यपदार्थांचा समाचार घ्यावा, मग डोंगरात सापुताऱ्यापर्यंत जाऊन धुके, धबधबे आणि हिरवीगार वनश्री पाहून परतावे, असा कार्यक्रम आता मुंबईपासून नाशिकपर्यंतची अनेक मराठी कुटुंबे आखू लागली आहेत. कोकण रेल्वेने उत्तरेकडे जाणारा आमच्या किनाऱ्यावरील प्रवासीही त्यात हळूहळू सामील होत आहे.

पावसाळा हा पर्यटनाचा बंद हंगाम, ही जुनी समजूत सर्वत्रच मोडीत निघाली आहे. गोव्यात पावसाळी पर्यटनाच्या जाहिराती झळकतात, आंबोलीच्या धबधब्याखाली रविवारी उभे राहावयास जागा मिळत नाही, आणि सापुताऱ्यास गुजरात सरकार पावसाळी महोत्सव भरवते. ‘मेघमल्हार पर्व’ असे भारदस्त नावही त्याला देण्यात आले. यात गैर काही नाही. ज्या देशात पावसाची वाट पाहण्यात निम्मे आयुष्य जाते, त्या देशातील माणसाने पावसाकडे थोडे कौतुकाने पाहिले तर बिघडत नाही. परंतु पाऊस म्हणजे केवळ देखावा नव्हे. तो पाणी आहे. ते कोठे पडते, कोठे वाहत जाते, वाटेत कोणाचे काय घेऊन जाते आणि शेवटी कोणाच्या उपयोगी पडते, हे प्रश्न देखाव्याच्या मागे उभे असतात. गेल्या पावसाळ्यात सुरत आणि डांग पाहून परतल्यावर हे प्रश्न आमच्या मनातून जाईनात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम सुरतेविषयी. मराठी माणसाला हे नाव शाळेच्या पुस्तकापासून परिचित आहे. १६६४ आणि १६७० साली शिवछत्रपती सह्याद्रीच्या वाटांनी या शहरावर उतरले, आणि १९०७ साली तापीकाठच्या याच शहरात काँग्रेसचे अधिवेशन उधळले जाऊन जहाल आणि मवाळ यांची फारकत झाली. त्या मंडपात लोकमान्य व्यासपीठावर ठाण मांडून उभे राहिले आणि कोणीतरी भिरकावलेले दख्खनी पायताण फिरोजशहा मेहता व सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यापर्यंत पोहोचले, ही हकीकत तेथील वृद्ध मंडळी अजूनही मिस्कीलपणे सांगतात. मराठी पाहुणा म्हटला की सुरतकर एकदा तरी या विषयावर येतोच. पण त्यानंतर तो लगेच विचारतो, लोचो खाल्लात का?

लोचो हा सुरतेचा खास पदार्थ. चण्याच्या डाळीचे वाटलेले पीठ उकडून खमण करताना ते कधीकाळी सैल झाले, वडी पडेना, तेव्हा त्या फसलेल्या पदार्थालाच शेव, कांदा, मसाला आणि तेल घालून खाण्याची चाल पडली, अशी त्याची जन्मकथा सांगतात. मुंबईकर ज्याला ‘लोचा’ म्हणतो तोच हा शब्द. आपल्या चुकीला पदार्थाचा दर्जा देऊन ती दहा दुकानांत विकणारे शहर व्यापारात मागे पडणे शक्य नाही, हे कोणीही मान्य करील. पावसाळी संध्याकाळी मात्र सुरतकर डुमसच्या समुद्राकडे वळतो. तेथील काळ्या वाळूच्या किनाऱ्याशी टोमॅटोच्या आणि कोनफळाच्या गरम भज्यांच्या गाड्या लागतात. टोमॅटोच्या जाड चकतीवर हिरवी चटणी थापून ती पिठात बुडवून तळावी, ही कल्पना ऐकावयास विचित्र वाटते. पण वरून पाऊस आणि समोर अरबी समुद्र असला की तिच्याइतकी योग्य कल्पना दुसरी नाही. तापीपलीकडचे रांदेर हे जुने बंदर. तेथील व्यापाऱ्यांचा ब्रह्मदेशाशी संबंध होता, आणि त्या संबंधाची आठवण ‘खावसा’ या नारळाच्या दुधातील शेवयांच्या पदार्थात राहिली आहे. ओल्या नारळावर वाढलेल्या आमच्या वाचकांना तो परका वाटणार नाही.

येथे एक सूचना करून ठेवतो. श्रावणात जाऊन उंधियो मागू नये, आचारी हसतो. उंधियो हिवाळ्याचा, पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडाही हिवाळ्याचा, आणि घारी ही कोजागिरीनंतरच्या प्रतिपदेची, ज्या दिवसाला सुरतेत ‘चांदी पडवो’ म्हणतात. उंधियोसाठी लागणारी कतारगामची पापडी एकेकाळी दूरवर नावाजलेली होती. त्या कतारगामात आज पापडीचे मळे शोधावे लागतात. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने मात्र गल्लोगल्ली आहेत. जेवणाची कीर्ती टिकून राहिली, जेवण पिकविणारी जमीन शहराखाली गेली. असे आमच्या किनाऱ्यावरही होत आहे, आणि त्याविषयी आम्ही यापूर्वी लिहिले आहे.

आता डोंगराविषयी. सुरतेतून डोंगर दिसत नाहीत. मात्र तापीच्या दक्षिण तीरापासूनच सह्याद्रीचा आरंभ होतो, आणि शहरापासून बारडोली-व्यारामार्गे किंवा नवसारी-वघईमार्गे दोन-तीन तास गेले की सागाचे जंगल, नागमोडी घाट आणि ढगांत बुडालेले माथे सुरू होतात. सापुतारा सुमारे हजार मीटर उंचीवर. वघईजवळ अंबिका नदी खडकांवरून रुंद पसरून कोसळते. त्याला गिरा धबधबा म्हणतात. पूर्णा, अंबिका, खापरी, गिरा या सगळ्या नद्या डांगमध्ये चार महिने दुथडी वाहतात. सुरतेत वर्षाकाठी सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डांगमध्ये त्याहून बराच अधिक. श्रावणातील डांग पाहून ज्याचे मन भरून येत नाही त्याने प्रवासाचा खर्च करू नये.

या डोंगरात मराठी माणसाला आणखी एक सुखद धक्का बसतो. तेथील आदिवासींची डांगी बोली मराठी, खानदेशी आणि गुजराती यांच्या सीमेवर उभी आहे. भिल्ल, कोकणा आणि वारली माणसांचे बोलणे आम्हांस दुभाष्याविना बरेचसे उमगले. वघईच्या परिसरात स्थानिक आदिवासी बायकांच्या बचतगटांनी चालविलेली साधी भोजनगृहे आहेत. पाटीवर लिहिलेले असते ‘नाहरी’. ज्याने आजीच्या तोंडून ‘न्याहारी’ हा शब्द ऐकला आहे त्याला या पाटीचा अर्थ विचारावा लागत नाही. पानात नागलीची भाकर, उडदाचे वरण, रानभाजी, बांबूच्या कोंबांचे लोणचे. नागली म्हणजे आपली नाचणीच. कोंबांची भाजी सावंतवाडीपासून सत्तरीपर्यंत कोणत्या घरी माहीत नाही? सुरतेच्या तेलातुपाच्या पंगतीनंतर हे जेवण जिभेला जमिनीवर आणते. १९६० साली राज्याच्या विभाजनात डांग गुजरातकडे गेला, आणि त्याबद्दलची हळहळ महाराष्ट्रात बरीच वर्षे बोलून दाखविली गेली. तो वाद उकरून काढण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्यांच्या नावाने तो वाद झाला त्या डांगी माणसांच्या चुलीत दोन्ही पक्षांनी कितपत डोकावून पाहिले, हा प्रश्न मात्र त्या वादाहून मोठा आहे.

अशाच एका नाहरीत वाढणाऱ्या बाईशी आमचे बोलणे झाले. आपण सुरत पाहिली आहे काय, असे आम्ही सहज विचारले. ती म्हणाली, पाहिली म्हणजे काय, लग्नानंतरची दहा वर्षे दिवाळी झाली की आम्ही तिकडेच उतरत होतो. कोठे? तर उसाच्या फडात. आता बचतगटाच्या कामामुळे तिचे जाणे थांबले आहे. तिचा दीर आणि जाऊ अजूनही जातात.

हे उत्तर ऐकले आणि देखाव्याची दुसरी बाजू आमच्यापुढे उभी राहिली. जुलै-ऑगस्टात सुरतेचा पाहुणा डोंगरात वर चढतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या डोंगराचा यजमान सुरतेच्या बाजूला खाली उतरतो. बारडोली, मढी, चलथाण, सायण या पट्ट्यातील साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास डांग, तापी आणि महाराष्ट्रातील नंदुरबार, धुळे या भागांतील आदिवासी कुटुंबे दर हंगामाला येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल. शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कापडाची पालं. शाळा सुटलेली मुले. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांचे जे चित्र महाराष्ट्राला परिचित आहे, तेच येथेही. ज्या बारडोलीने १९२८ साली सारावाढीविरुद्ध उभे राहून साऱ्या देशाला शेतकऱ्याच्या स्वाभिमानाचा धडा दिला, तिच्या शिवारात पाल ठोकून राहणाऱ्या या माणसांच्या स्वाभिमानाची नोंद कोणत्या खात्यात होते, असे विचारावेसे वाटते. त्या लढ्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. म्हणूनच हे विचारतो.

एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखातून माणसे जगण्यासाठी बाहेर का पडतात? याचे उत्तर पाण्यातच आहे. डांगचा डोंगर उताराचा, खडक काळा कातळ, वर मातीचा थर पातळ. जे पडते ते चार महिन्यांत नद्यांवाटे वाहून समुद्राला मिळते. फेब्रुवारी-मार्च उलटला की वाड्यावाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि बायकांची हंड्यांची पायपीट सुरू होते. शेती एका पिकाची, तीही भात-नागलीची. धबधब्याचे छायाचित्र ऑगस्टमध्ये काढतात; त्याच ठिकाणी मे महिन्यात जाऊन कोणी छायाचित्र काढीत नाही. कोकणातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या आमच्या तालुक्यांत वैशाखात टँकर धावतात, हे लाजिरवाणे सत्य आपण दरवर्षी पाहतो.

इतिहास पाहिला तर डोंगरातून खाली उतरण्याची ही रीत जुनीच आहे. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली; डांगचा साग जहाजबांधणीसाठी मुंबईस उतरला. त्या भाडेपट्ट्याच्या मोबदल्याची आठवण म्हणून होळीच्या सुमारास आहव्यास ‘डांग दरबार’ भरतो, आणि तेथील पाच राजघराण्यांच्या वारसांना सरकारकडून समारंभपूर्वक सालियाना दिला जातो. साग उतरला, मग माणसे उतरली. त्यानंतर पाणी उतरविण्याची योजना आली.

पार-तापी-नर्मदा नदीजोड हे त्या योजनेचे नाव. पार आणि तापी यांच्या दरम्यानच्या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी सात धरणांत अडवून कालव्याने उत्तरेकडे न्यावयाचे, असा तिचा आराखडा. सात धरणांपैकी सहा गुजरातेत आणि झरी हे एक आपल्या नाशिक जिल्ह्यात, पेठच्या बाजूला. केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात या जोडप्रकल्पाचा उल्लेख झाला आणि धरमपूर, वांसदा, डांग येथील आदिवासी रस्त्यावर आले. त्यांची हाक साधी होती: आमची जमीन आणि जंगल बुडणार, पाणी दुसरीकडे जाणार, आमच्या विहिरी मात्र कोरड्याच राहणार. त्याच वर्षाच्या मे महिन्यात गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी सुरतेत ही योजना रद्द केल्याचे जाहीर केले. विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती, हा योगायोग आम्ही केवळ नोंदवून ठेवतो. पुढे २०२५ साली योजनेचा अहवाल पुन्हा चर्चेत आला, धरमपुरात पुन्हा मोर्चे निघाले आणि सरकारला ‘योजना रद्दच आहे’ असे पुन्हा सांगावे लागले. एकदा रद्द झालेली गोष्ट पुन्हा रद्द करावी लागते, याचा अर्थ लोकांचा शासनाच्या शब्दावर विश्वास उरलेला नाही.

हा अविश्वास अकारण नाही. त्याला उकाईचा इतिहास आहे. तापीवर सुरतेच्या वर सुमारे ९५ किलोमीटरवर, गायकवाडांच्या पहिल्या राजधानीच्या, म्हणजे सोनगडच्या, परिसरात हे धरण १९७२ च्या सुमारास पुरे झाले. त्या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्यांत तत्कालीन धुळे जिल्ह्यातील, नवापूरकडची गावेही होती. बुडाली ती बहुतांशी आदिवासींची जमीन. भिजली ती खालच्या सपाट प्रदेशातील काळी जमीन, आणि तीवर ऊस उभा राहिला. धरणात ज्यांची शेते गेली त्यांच्या घरची पुढची पिढी त्याच धरणाच्या कालव्यावर वाढलेला ऊस तोडावयास जाते. धरण बांधू नये, असे आमचे म्हणणे नाही. उकाई नसती तर सुरत आजची सुरत झाली नसती. परंतु ज्यांनी किंमत दिली त्यांना पन्नास वर्षांत परतफेड काय मिळाली, याचा हिशेब कोणी मांडीत नसेल, तर दुसऱ्या सात धरणांच्या वेळी लोकांनी सरकारवर विश्वास का ठेवावा?

येथे कोणी म्हणेल की, सुरतेस तरी या पाण्याचे सुखच मिळाले. तसेही नाही. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्याचा जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. सुरतेचा पूर सुरतेच्या पावसाने येतच नाही, असे म्हटले तरी चालेल. तो अकोला, बुलढाणा, जळगाव, धुळे येथील पावसाने येतो. भुसावळजवळ हतनूरचे दरवाजे उघडले की सुरतेत चर्चा सुरू होते. १९६८ साली, धरण होण्यापूर्वी, पंधरा लाख क्युसेकचा महापूर आला. धरणानंतर असे होणार नाही, अशी लोकांची समजूत होती. २००६ च्या ऑगस्टमध्ये ती समजूत वाहून गेली. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, जलाशयात त्या मानाने जागा उरली नव्हती, आणि नऊ लाख क्युसेकहून अधिक पाणी खाली सोडावे लागले. तीन-चतुर्थांशाहून अधिक शहर पाण्याखाली गेले, शंभरावर माणसे दगावली, आणि हजारो कुटुंबांनी गच्चीवर रात्री काढल्या. धरण भरलेले ठेवावे तर सिंचन आणि वीज मिळते, रिकामे ठेवावे तर पुराला जागा राहते. या दोहोंत निवड करणारा अभियंता दरवर्षी जुगार खेळत असतो. त्यात नदीचे पात्रही भराव, बांध आणि बांधकामे यांनी आकसले. पूर्वी जेवढे पाणी ती निमूटपणे समुद्रास नेत असे, त्याच्या निम्मेही आता ती शहराला इजा न करता नेऊ शकत नाही. भरतीची वेळ जुळली तर तेवढेही नाही.

२०२१ च्या २२ जुलैस चिपळूण बुडाले तेव्हा कोकणात हाच प्रश्न उभा राहिला होता. वाशिष्ठीचे गाळाने भरलेले पात्र, भरतीची वेळ आणि कोळकेवाडीच्या पाण्याचा वाद आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. धरणाच्या खाली राहणाऱ्या शहराची दैना सर्वत्र सारखीच असते. दरवाजा उघडणाऱ्याला पाण्याची पातळी ठाऊक असते, झोपलेल्या माणसाला नसते.

सुरतेचे एक कौतुक येथे केलेच पाहिजे. हे शहर धक्क्याने शिकते. १९९४ च्या पुरानंतर सप्टेंबरात तेथे प्लेगची साथ आली, लक्षावधी लोक शहर सोडून पळाले, आणि घाणेरडे शहर म्हणून सुरतेची जगभर नाचक्की झाली. पुढच्याच वर्षी आलेले पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून काढून रस्त्यावर उभे केले, आणि दोन वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तिने इंदूरबरोबर पहिला क्रमांक घेतला. २००६ नंतर पुराची आगाऊ सूचना देणारी यंत्रणाही उभारण्यात आली, आणि धरणातील पातळी महिन्यागणिक कोठवर ठेवावयाची याकडे शहर आता डोळ्यांत तेल घालून पाहते. आज रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामधील कॉजवेवर पाणी सहा मीटरच्या वर चढले की वाहतूक बंद होते, आणि सुरतकर मक्याचे कणीस हातात घेऊन नदी पाहावयास जमतात. आम्हीही त्या गर्दीत उभे होतो. लोकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पण एकही माणूस नदीकडे पाठ करून उभा नव्हता.

मात्र तापीला बांध घालून वाचविलेल्या शहरात आता पाणी मागच्या दाराने शिरते. शहराच्या दक्षिण आणि पूर्व भागातून मिठी खाडी, भेदवाड खाडी, काकरा खाडी अशा अनेक खाड्या वाहतात. २००६ साली शहराची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली, २०२० साली ती आणखी वाढली, आणि या खाड्यांच्या काठची मोकळी जमीन वसाहतींनी भरली. २०२४ च्या जुलैत आणि पुन्हा २०२५ च्या जूनमध्ये जोरदार पाऊस झाला तेव्हा तापी शांत होती; खाड्या फुगल्या आणि लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत दिवसच्या दिवस पाणी साचून राहिले. लिंबायत, उधना, दिंडोली या वस्त्यांत फिरताना कानावर गुजरातीइतकीच मराठी आणि अहिराणी पडते. खानदेशातील कोरडवाहू शेती सोडून सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने आलेली ही माणसे यंत्रमागांवर आणि छपाईच्या कारखान्यांत राबतात. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिका मराठी शाळा चालविते, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. खानदेशात पाणी नाही म्हणून ज्यांनी घर सोडले त्यांच्या नव्या घरात पाणी शिरते. याला दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येणार नाही, कारण स्वस्त जमीन ही नेहमी पाण्याच्या वाटेवर असते, आणि गरिबाला तीच विकली जाते.

अशा स्थितीत पर्यटकाने काय करावे, असे विचारले जाईल. पर्यटकाकडून क्रांतीची अपेक्षा आम्ही करीत नाही. तो चार घटका विरंगुळ्यासाठी आलेला असतो. अपेक्षा आहे ती शासनाकडून. २०२४ च्या जुलैत सापुताऱ्याहून सुरतेस परतणारी भरगच्च प्रवासी बस घाटात कोसळून लहान मुले दगावली. पुढच्या फेब्रुवारीत यात्रेकरूंची बस त्याच घाटात दरीत गेली. पावसाळ्यात लोकांना डोंगरावर बोलवावयाचे, महोत्सवाच्या जाहिराती करावयाच्या, आणि घाटातील कठडे, गाड्यांची तपासणी, रात्रीची वाहतूक या गोष्टी मात्र दैवावर सोडावयाच्या, हे चालणार नाही. डांग जिल्हा संपूर्णपणे पाचव्या अनुसूचीतील आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना आपल्या पाण्याविषयी आणि भूमीविषयी अधिकार दिले आहेत. मग धबधब्याच्या वाहनतळाचे, दुकानांच्या जागांचे आणि मुक्कामाच्या तंबूंचे उत्पन्न ग्रामसभेकडे का जाऊ नये? त्या पैशातून वाडीवाडीस लहान बंधारे आणि विहिरी झाल्या तर दिवाळीनंतरची कोयत्यांची रांग थोडी आखूड होईल. नाहरीसारख्या उपक्रमाने एका बाईचे फडावर जाणे थांबू शकते, हे आम्ही पाहिले. मोठ्या धरणाला विरोध करणाऱ्या लोकांना लहान बंधारा हवा असतो, हे नियोजनकारांच्या ध्यानात का येत नाही, हे कळत नाही.

तापीच्या बाबतीत तर महाराष्ट्राचीही जबाबदारी आहे. पाणलोट आमचा, धरण त्यांचे, अशी विभागणी करून तीन राज्यांनी हात झटकणे पुरे झाले. हतनूर, प्रकाशा, सारंगखेडा आणि उकाई यांच्या पाण्याची हालचाल पावसाळ्यात तासागणिक तिन्ही राज्यांतील लोकांना त्यांच्या भाषेत, एका ठिकाणी कळली पाहिजे. केवळ अधिकाऱ्यांना नव्हे. म्हादईच्या पाण्यासाठी गोमंतकीय ज्या तळमळीने बोलतो, त्याच तळमळीने पेठ-सुरगाण्याचा आणि धरमपूर-डांगचा आदिवासी आपल्या नद्यांविषयी बोलतो. वरच्याने न विचारता पाणी वळविले तर खालच्याला काय वाटते, हे ज्यांना पुरते ठाऊक आहे त्यांनी तरी या लोकांचे म्हणणे ‘विकासविरोधी’ म्हणून उडवून लावू नये.

परतीच्या प्रवासात आम्ही मुद्दाम तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग धरला. बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडले आणि नवापूर आले. या स्थानकाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा जाते. फलाटावरच्या एका बाकाचे अर्धे गुजरातेत आहे, अर्धे महाराष्ट्रात. पाऊस कोसळत होता, आणि बाकावर एक कुटुंब बोचकी घेऊन सुरतेच्या गाडीची वाट पाहत बसले होते. ऊसतोडणीचा हंगाम अजून लांब होता. कोठे निघालात, असे विचारले तेव्हा त्यातील पुरुषाने लिंबायतचे नाव सांगितले. तिकडे खाडीचे पाणी ओसरले का, एवढेच त्याला आमच्याकडून जाणून घ्यावयाचे होते.